लहान आतड्याच्या ऑपरेशननंतर नळीतून सतत पाणी येतंय

घोडीची_ताई: माझी घोडी १४ वर्षांची आहे. लहान आतड्याला पीळ पडला होता. काळा पडलेला भाग कापून दोन्ही टोकं जोडली. आता नाकातल्या नळीतून भरपूर हिरवट पाणी येतंय आणि लीद अजिबात नाही. टाके सुटले असतील का? वयामुळे होतं का हे? जीव थाऱ्यावर नाही माझा.

अश्ववैद्य: ताई, टाके सुटणं हे पहिलं कारण धरू नका. बहुतेक वेळा आतड्याची हालचाल थांबलेली असते, त्याला इलियस म्हणतात. पाणी पुढे सरकत नाही, जठरात साचतं. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून ते नळीने काढावंच लागतं, नाहीतर जठर फुटू शकतं. नळी काढायची घाई कोणी करू नका.

धोका कोणाला जास्त? मुख्य म्हणजे लहान आतड्याचा रोग, त्यातही रक्तपुरवठा तुटलेला असेल आणि आतडं कापावं लागलं असेल तर. दाखल करताना नाडी वेगात होती का, रक्त घट्ट झालं होतं का (म्हणजे पीसीव्ही, रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, वाढलेलं) हे विचारा. या दोन गोष्टींवरून आतून किती विषबाधा झाली होती ते कळतं. भूल लांबली असेल तरी धोका वाढतो. वयाचा संबंध काही अभ्यासांत दिसतो, पण मी त्याला एवढं महत्त्व देणार नाही.

तबेला_सांभाळणारा: आमच्या घोड्याला असंच झालं होतं. शिरेतून सलाईन आणि लिडोकेन (आतड्याची हालचाल सुरू व्हावी म्हणून देतात ते औषध) चालू होतं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर हातात दोर धरून थोडं थोडं चालवायचो. पहिली लीद पडली तेव्हा सगळा तबेला गोळा झाला होता!

घोडीची_ताई: दाखल केलं तेव्हा नाडी ८० च्या वर होती. आता ५२ आहे.

अश्ववैद्य: विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ असायला हवी, म्हणजे उतरतेय, हे चांगलं आहे. दर वेळी किती लिटर निघालं ते लिहून ठेवायला सांगा. आकडा कमी होत नसेल किंवा दुखणं पुन्हा सुरू झालं तर मात्र सोनोग्राफी करून जोड तपासायला हवा, कधी पोट पुन्हा उघडावंही लागतं. ताप, पातळ जुलाब आणि खुरांची उष्णता यांवरही नजर ठेवा. खूर गरम लागणं ही खुराच्या आत सूज येत असल्याची खूण असू शकते, तसं झालं तर सकाळची वाट न बघता त्याच क्षणी डॉक्टरांना उठवा.