केमोनंतर ताप, एक्स-रे साफ, तरी ऑक्सिजन लागतोय, असं का?

फोंड्याचा_बाबा:
नमस्कार, मुलगा ४ वर्षांचा, रक्ताचा कॅन्सर (एएलएल), केमोचा तिसरा आठवडा. परवा ताप आला म्हणून लगेच ॲडमिट केलं, छातीचा एक्स-रे साफ होता आणि आज पहाटे बघतो तर श्वास भरभर, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ८९. आता पीआयसीयूत (लहान मुलांच्या आयसीयूत) नाकातून जोराचा ऑक्सिजन लावलाय, तो सारखा नळ्या ओढून काढतो. डॉक्टर म्हणतात सीटी करू, लागलं तर दुर्बिणीने फुफ्फुस धुवून ते पाणी तपासू. एक्स-रे साफ असताना हे कशाला? कॅन्सर छातीत उतरला का? बायको काल रात्रीपासून जेवलेली नाही. कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

पीआयसीयू_सिस्टर:
दादा, आधी एक सांगते, एक्स-रे साफ दिसणं म्हणजे छाती साफ असं या मुलांत धरत नाहीत. न्यूमोनियात जो पांढरा डाग दिसतो त्यात पांढऱ्या पेशींचाही वाटा असतो, आणि तुमच्या बाळाच्या त्या पेशी केमोने खाली गेलेल्या असणार (रिपोर्टवर एएनसी बघा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, ५०० च्या खाली म्हणजे खूपच कमी), त्यामुळे जंतू आत असूनही डाग उशिरा उमटतो, खोकलाही फारसा नसतो. सीटीत तेच लवकर दिसतं. कॅन्सर फुफ्फुसात गेला अशी भीती सगळ्यांनाच वाटते, पण आम्हाला पहिली शंका इन्फेक्शनचीच असते: बॅक्टेरिया, व्हायरस, बुरशी, नाहीतर न्यूमोसिस्टिस (बुरशीचाच एक प्रकार), जो होऊ नये म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस को-ट्रायमोक्साझोल हे औषध देतात. कधी जास्त सलाईन-रक्त गेल्याने फुफ्फुसात पाणी साचतं, कधी प्लेटलेट कमी असल्याने आत रक्त येतं. प्रत्येकाचं औषध वेगळं म्हणून पाणी तपासायचं. त्या तपासणीनंतर थोडा वेळ ऑक्सिजन जास्त लागू शकतो, तेव्हा बाळाला झेपेल का आणि आधी प्लेटलेट चढवणार का हे बिनधास्त विचारा, विचारलेलं कोणालाच वाईट वाटत नाही. आणि पांढऱ्या पेशींचे काउंट वर यायला लागले की एखाद-दोन दिवस श्वास उलट बिघडूही शकतो, कारण नव्या पेशी तिथे लढायला जातात, तेव्हा घाबरून जाऊ नका पण सिस्टरना लगेच सांगा.

वाळपईची_आई:
भाऊ, तुम्ही लगेच नेलंत हे फार बरं केलंत. आमच्या मुलीला रात्री ताप आला तेव्हा मी तापाचं औषध पाजलं आणि उजाडायची वाट बघत बसले, सकाळी बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात होती, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तिला बुरशीचा न्यूमोनिया निघाला, अँटीफंगल कितीतरी आठवडे चाललं, आता ती शाळेत जाते. तेव्हापासून ताप आला की १०८ नाहीतर गाडी, आधी दवाखाना. श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचा, तुमच्या बाळाच्या वयाला शांत झोपेत ४० च्या वर गेला तर थांबायचं नाही.
घरी आल्यावर चवथीची माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळं-पानं) उतरवताना त्याला तिथे ठेवू नका, सुकलेली फळं-पानं, नारळाची सोडणं, पावसात भिंतीला आलेला बुरा, यातच ती बुरशी असते. घरात फरशी-रंगकाम काढलं असेल तर तेही आता नको.
नळीचं म्हणाल तर आम्ही तिला सांगितलं होतं ही गणपतीची सोंड, काढली तर बाप्पा रागावेल. तिने हात लावला नाही.

फोंड्याचा_बाबा:
सिस्टर, ताई, तुमचे उपकार कसे फेडू. सीटी झाला, दोन्हीकडे डाग आहेत, डॉक्टरांनी बुरशीचं औषध आजच चालू केलं आणि उद्या प्लेटलेट चढवून धुवायचं ठरलंय. सोंडेचं सांगितलं त्याला. आता नळी धरून बसलाय आणि विचारतोय, मग मोदक कधी.