स्कॉटलंडच्या खेड्यात फादर म्हणून जाणाऱ्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. आमच्या शेजारचा मुलगा राशोलच्या सेमिनरीत शिकून फादर झाला, आता स्कॉटलंडच्या हायलँड्समधल्या एका खेड्यात जातोय. व्हिसा, इंग्लिशची परीक्षा सगळं झालं. पण तिथे एकाच फादरला दोन-तीन चर्च सांभाळायची, म्हणजे गाडी हवीच, आणि आपलं लायसन्स 12 महिनेच चालतं, मग तिथली टेस्ट द्यावी लागते, तर खेड्यात ड्रायव्हिंग शिकवणारे मिळतात का? मला जास्त काळजी एकटेपणाची आहे, डिसेंबरात साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि इथे नाताळात आमच्या घरीसुद्धा नेवऱ्या, दोदोल असं गोडधोड येतं, सारखी माणसांची ये-जा असते. तिथली म्हातारी माणसं नव्या फादरशी पटकन बोलतात का? कोणाचं नात्यातलं तिकडे असेल तर प्लीज सांगा.