शाळांवरचा सरकारी पैसा आधी कुठे जावा?

निवृत्त मुख्याध्यापक, भुदरगड तालुका

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले व मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठरवला, हे दर २६ जूनला प्रत्येक पुढारी आपल्याला ऐकवतो. सक्तीबरोबर शाळा चालवण्याचा भारही संस्थानाने उचलला होता, हे मात्र भाषणात येत नाही. आज शासन शिक्षण हक्क कायद्याखाली गरीब व वंचित मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांपोटी खासगी शाळांना प्रतिविद्यार्थी १७,६७० रुपयांची प्रतिपूर्ती, म्हणजे फीची भरपाई, देऊ करते आणि दुसरीकडे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा ‘समूह शाळे’त विलीन करण्याचे बेत आखते. माझ्या शेवटच्या शाळेत पावसाळ्यात कौले गळायची, म्हणून चौथीची मुले दुसरीच्या वर्गात बसवावी लागत. विजेचे बिल आम्ही दोघे शिक्षक खिशातून भरत असू. प्रतिपूर्तीचा हा पैसा आधी सरकारी शाळांवर खर्च व्हावा, असे माझे ठाम मत आहे.

पालक, राजारामपुरी

सर, आपली हकीकत खरी असणार, पण निष्कर्ष पटत नाही. मी रिक्षा चालवतो आणि माझी मुलगी याच राखीव जागेवर शिकते. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी शाळेला या जागांतून सूट देणारी दुरुस्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती रद्द केली. तोवर आमच्या गल्लीतले पालक रोज मोबाईलवर या जागांच्या प्रवेश सोडतीची तारीख शोधत होते. गळकी कौले बदलायला शासनाला कोणी अडवलेले नाही. त्यासाठी माझ्या मुलीचा बाक का काढून घ्यायचा?

खासगी शाळेतील शिक्षक, इचलकरंजी

आपल्या दोघांच्या वादात आमच्यासारखे मधल्या मध्ये राहतात. सरकारी अनुदान कधीच मिळणार नाही अशा अटीवरच्या ‘कायम विनाअनुदानित’ शाळांच्या नावातला ‘कायम’ शब्द २००९ साली निघाला, पण पुढे अनुदान आले ते २० टक्के, ४० टक्के अशा टप्प्यांनी, आणि प्रत्येक टप्प्यासाठी मुंबईला आझाद मैदानावर बसावे लागले. प्रतिपूर्तीही वेळेवर येत नाही, त्यामुळे संस्था आमच्या पगाराला हात आखडता घेते. हक्क मुलाचा आणि उधारी शिक्षकाची, असा हा व्यवहार झाला आहे.

निवृत्त मुख्याध्यापक

रिक्षावाल्या दादांच्या मुलीची जागा जावी असे मला म्हणायचे नव्हते, तसे वाटले असल्यास ती माझ्या लिहिण्यातली चूक. १९६६ साली कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर व्हावा असे सुचवले, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तोच आकडा लिहिला. तो पाळला असता तर आपल्यावर एकमेकांच्या ताटातले मोजण्याची वेळ आली नसती. पण शहरातल्या पालकाला निदान दोन दारे तरी आहेत. आमच्या वाडीच्या आसपास एकही खासगी शाळा नाही, त्यामुळे तिथल्या मुलाला २५ टक्के कशाचे मिळणार? जिल्हा परिषदेची ती दोन खोल्यांची शाळा विलीन झाली, की ऐन पावसात ओढा ओलांडून त्याला दुसऱ्या गावी जावे लागेल.