अनुभव धागा: मोबाइलवरून वाचायला शिकणारी सोलापुरी मुलं

मुलगी पहिलीत आहे. घरी 'रीड अलाँग' हे वाचनाचं ॲप सुरू केलंय. गुगलने २०१९ मध्ये 'बोलो' नावाने आणलं होतं, तेच. मूल मोठ्याने वाचतं, अडलं की त्यातलं दिया नावाचं पात्र शब्द म्हणून दाखवतं. तुमच्याकडे काय अनुभव? घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलत असाल तर नक्की लिहा.

विडी घरकुलातली आई
आमच्या घरी तेलुगूच. मराठी मुलाच्या कानावर पडते ती शाळेत. कोंबडीचं चित्र आलं की खालच्या अक्षरांकडे न बघता तो सरळ 'कोडी' म्हणायचा. ॲप काही ते मान्य करेना, पोरगं रुसायचं. मग 'स्टोरीवीव्हर' ही गोष्टींची वेबसाइट सापडली, प्रथम बुक्सची, फुकट. एकच गोष्ट तेलुगूतही मिळते, मराठीतही. आता सासूबाई विड्या वळता वळता तेलुगूतली ऐकतात, त्याच्याशी बोलतात, आणि मग तो मराठीतली वाचतो. गोष्ट आधीच कळलेली असते, त्यामुळे अक्षरांना भीत नाही.

जि. प. शिक्षिका, माढा तालुका
पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणणाऱ्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हापासून आमच्याकडचे पालक क्यूआर कोडला बिचकत नाहीत, हे फार मोठं काम झालं. पण ॲप निवडताना एक बघाच: अक्षरं कुठल्या क्रमाने येतात? बरीचशी क ख ग घ ङ अशी जातात. ङ मुलाला रोजच्या कुठल्या शब्दात भेटणार? ग म भ न घेतलं की वळणं एकमेकांसारखी येतात आणि 'मग', 'नग', 'मन' लगेच वाचता येतं. दुसरी अडचण पहिल्या वेलांटीची. 'किती' मध्ये ती क च्या आधी दिसते, आवाज मात्र नंतर येतो. पोरं तिथे हमखास थबकतात. तिथे मी मोबाइल बाजूला ठेवून पाटीवर आधी क काढून घेते, मग वेलांटी.

जुळे सोलापूर, बाबा
हिंदीवरून उतरवलेलं एक ॲप काढून टाकलं. 'चमचा' मधल्या च चा उच्चार हिंदी, ल आणि श ची वळणंही हिंदी. बालभारतीच्या पुस्तकात ही वळणं वेगळी दिसली की मुलगी गोंधळायची. डाउनलोड करण्याआधी हे तीन तपासा.

यंत्रमाग कामगाराची बायको
घरात फोन एकच, तो नवऱ्याबरोबर कारखान्यात जातो. रात्री आला की मुलं वाचतात. गोष्टी आधी डाउनलोड करून ठेवल्या की 'रीड अलाँग' नेटशिवाय चालतं, त्यामुळे रिचार्ज संपला तरी अडत नाही. घरकुलातल्या ताई, तेलुगू-मराठी दोन्हीत असलेल्या गोष्टींची नावं इथे द्याल का? आमच्या गल्लीतली पोरंही बसतात ऐकायला.