युक्का पर्वत: नेवाडाचा विरोध रास्त की आडमुठा?

(तिघांची चर्चा. भूजल, वीजघर आणि तांबे-माती ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

भूजल

अमेरिकेतल्या अणुभट्ट्यांचं वापरलेलं इंधन नेवाडा राज्यात लास वेगासपासून सुमारे १४५ किमीवर, युक्का पर्वताखाली कायमचं पुरायचं ठरलं होतं. तिथल्या विरोधाला 'लोक उगाच घाबरतात' म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही.

१९८७ मध्ये या कामासाठी टेक्सास, वॉशिंग्टन आणि नेवाडा या राज्यांतल्या तीन जागा शर्यतीत होत्या. कायदा बदलून पहिल्या दोन वगळल्या. तेव्हा प्रतिनिधीगृहाचे सभापती जिम राइट टेक्सासचे आणि बहुमतवाल्यांचे नेते टॉम फोली वॉशिंग्टनचे! नेवाडात एकही अणुवीज केंद्र नाही, उलट ९२८ अणुचाचण्या याच राज्याने सोसल्यात. शिवाय अमेरिकी सरकारशी १८६३ मध्ये झालेल्या तहाच्या आधारे वेस्टर्न शोशोन हे मूळनिवासी लोक ही जमीन आपली म्हणतात.

आता खडकाकडे या. बोगदे जमिनीखाली सुमारे ३०० मीटर आणि भूजलपातळीच्याही तितकेच वर. जागा कोरडी म्हणून निवडली, पण या ज्वालामुखी राखेच्या भेगाळ खडकात हवा खेळते. इंधन म्हणजे युरेनियम डायऑक्साइडच्या गोळ्या. ऑक्सिजन नसेल तर त्या पाण्यात जवळपास विरघळत नाहीत, ऑक्सिजन मिळाला की विरघळू लागतात. सुरुवातीला कचऱ्याच्या उष्णतेने पाणी लांब राहतं, खडक निवला की भेगांतून ठिबकत परत येतं. म्हणून इंधन भरलेल्या पिंपांवर टायटॅनियमची ११ हजारांवर आच्छादनं घालायची योजना होती, तीही बोगदे बंद करायच्या वेळी, म्हणजे साधारण शंभर वर्षांनी, यंत्रांकरवी. तेव्हाच्या सरकारने पैसेच दिले नाहीत तर? खालचं भूजल अमरगोसा खोऱ्याकडे वाहतं, तिथली शेती विहिरींवर आहे.

वीजघर

आच्छादन हा एकच अडथळा नाही. पिंपाचं बाहेरचं कवच निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूचं, आत स्टेनलेस स्टील. वर पाऊस वर्षाला जेमतेम १९ सेंमी.

आणि 'स्थानिक' म्हणजे नक्की कोण? पर्वत ज्या नाय काउंटीत (जिल्ह्यात) आहे, ती परवान्याची प्रक्रिया पुढे चालू राहावी म्हणून कोर्टात गेली होती. २०१३ मध्ये निकालही तसाच लागला. नकार राज्याचा होता, आणि तो २००२ मध्ये संसदेच्या दोन सभागृहांनी ३०६ विरुद्ध ११७ व ६० विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला.

नकाराची किंमतही मोजा. सत्तरहून अधिक ठिकाणी मिळून ९० हजार टनांच्या आसपास इंधन पडून आहे. कॅलिफोर्नियात सॅन ओनोफ्रेच्या बंद अणुवीज केंद्रात ते समुद्राला खेटून ठेवलंय, डब्यांची पोलादी भिंत जेमतेम १६ मिमी. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथे भरलेला डबा साठवणीच्या कप्प्यात खाली सोडताना आतल्या कड्यावर अडकला. उचलायचे पट्टे सैल पडले तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. खाली साडेपाच मीटर मोकळं होतं. हा धोका आजचा आहे, हजार वर्षांनंतरचा नाही.

भूजल

सॅन ओनोफ्रेबद्दल सहमत, तिथून डबे हलवलेच पाहिजेत. पण २०१५ मध्ये अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाच्या तज्ज्ञांनी युक्काचं मूल्यांकन पुरं केलं, त्यात बहुतेक निकष पुरे झाले, तरी जमीन आणि पाण्याचे हक्क सरकारकडे नाहीत ही उणीव त्यांनीच नोंदवली. राज्य भांडत होतं ते याही हक्कांवरून.

तांबे-माती

फिनलंडने असंच इंधन पुरायला युरायोकीत जागा निवडली, तेव्हा तिथल्या नगरपालिकेला नकाराधिकार होता. २००० मध्ये तिथल्या सभागृहात २० विरुद्ध ७ मतांनी होकार आला. जागा सुमारे ४३० मीटर खोल, भूजलपातळीच्या खाली, जिथे ऑक्सिजन पोचत नाही. डब्याला ५ सेंमी तांबं, भोवती बेंटोनाइट माती. ती पाणी लागलं की फुगते आणि फटी बुजवते. आधी नकाराचा हक्क, मग खोदाई. नेवाडात क्रम उलटा होता.

वीजघर

युरायोकीत आधीच अणुभट्ट्या होत्या. गावाला त्यांचा कर मिळायचा, लोकांना कामाची सवय होती. नेवाडाकडे यातलं काहीच नव्हतं, म्हणून तुलना लंगडी वाटते. बेंटोनाइटही कुठल्याही खडकात चालत नाही. भेगेतून पाणी जोरात येत असेल तर फुगायच्या आत माती धुऊन जाते, मग डबा ठेवायचं तेवढं भोक सोडून पुढे जावं लागतं.

तांबे-माती

भोक सोडता येतं, कारण तिथे पर्यायी जागा राखून ठेवलेली असते. १९८७ नंतर नेवाडाच्या बाबतीत सरकारने दुसरी जागाच ठेवली नव्हती.