लीज-ऑप्शनच्या कागदांना नोटरी लागते का?

नमस्कार मंडळी,

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात आम्ही लीज-ऑप्शनवर घर घेतोय. दोन वर्षं भाड्याने राहायचं आणि त्या मुदतीत आज ठरलेल्या किमतीला घर विकत घ्यायचा हक्क, म्हणजे ऑप्शन, आमचा. ऑप्शनचे पैसे शनिवारी द्यायचे आहेत. मालक म्हणतो, "सह्या झाल्या की झालं, नोटरी कशाला?" बाबा पुण्याहून बजावतात, नोटरीशिवाय एक पैसा सोडू नकोस. कोणाचं ऐकू?

*

ताई,

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. तुमच्या दोघांपुरता करार सह्यांनी पक्का होतो. पण उद्या मालकाने घर परस्पर तिसऱ्यालाच विकलं किंवा त्यावर आणखी कर्ज काढलं, तर? त्या तिसऱ्याला तुमच्या ऑप्शनची खबर नसेल, तर हक्क त्याच्यापुढे टिकवणं फार जड जातं. म्हणून काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे मिळकतीच्या कागदांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत, नोंद हवी, आणि मालकाने नोटरीपुढे सही कबूल केल्याशिवाय रेकॉर्डर कागद घेत नाही. अख्खा करार नोंदवायची गरज नाही. 'मेमोरँडम ऑफ ऑप्शन' असा पान-दोन पानांचा कागद करतात. त्यात नावं, मिळकतीचं वर्णन आणि ऑप्शनची मुदत येते. किंमत तुमच्यातच राहते.

बाबांच्या डोळ्यांसमोर कोर्टाबाहेर बसणारे नोटरी असतील. तिकडे ते वकील असतात. इथला नोटरी बँकेतला कारकूनही असू शकतो. तो ओळखपत्र तपासतो आणि सही करणारा माणूस तोच आहे एवढं लिहून देतो. मसुद्यात चूक असली तरी त्याचा शिक्का बसतोच. तेव्हा मसुदा आधी वकिलाला दाखवा, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

कॅलिफोर्नियात नोटरी सहीमागे जास्तीत जास्त १५ डॉलर घेऊ शकतो. मिळकतीचा कागद असला की त्याच्या वहीत उजव्या अंगठ्याचा ठसाही द्यावा लागतो. मालकाला आधी सांगून ठेवा, नाहीतर तिथे बिचकेल. आणि शिक्का कोऱ्या जागेवरच उमटू द्या. माझ्या कागदावर त्याची कड छापील ओळींवर गेली, अक्षरं वाचता येईनात, आणि रेकॉर्डरने कागद परत पाठवला. मालकाला पुन्हा गाठून सही घेईपर्यंत तीन आठवडे गेले. पैसे देऊन बसलो होतो, रात्र रात्र झोप नव्हती.

*

दादांच्या मेलला माझी भर.

मालकाचं लग्न झालंय का ते बघ. लग्नानंतर घेतलेलं घर इथे बहुतेकदा दोघांचं धरतात, आणि एक वर्षावरच्या लीजलाही दोघांच्या सह्या लागतात. आमच्या मालकीणबाई तेव्हा भारतात होत्या. त्यांनी मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत वेळ घेऊन सही केली, एका शिक्क्याचे ५० डॉलर. खरा घोळ नावाचा झाला. खरेदीखतावर मधलं नाव वडिलांचं, पासपोर्टवर नवऱ्याचं! शेवटी मेमोरँडममध्ये दोन्ही नावं घालावी लागली. आपल्या लोकांत हे हमखास होतं, आधीच ताडून बघ.

*

दादा, वहिनी, मनापासून आभार. मालकाशी बोलले. नोटरीला त्याची ना नाही, नोंद म्हटली की बिचकतो. त्याचं कर्ज अजून फिटायचंय, बँकेला कळेल म्हणतो.

*

ताई, त्याची भीती खोटी नाही. घर हस्तांतरित केलं तर सगळं कर्ज एकदम फेडा, अशी अट बहुतेक कर्जांत असते. १९८२च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने तीन वर्षांपर्यंतच्या लीजला त्यातून सूट दिली, पण ज्यात ऑप्शन आहे ते लीज त्या सुटीत बसत नाही. म्हणजे बँक पैसे मागू शकते, आणि त्याने भरले नाहीत तर घरावर जप्ती येईल तेव्हा राहत तुम्ही असाल. नोंद टाळून हा धोका टळत नाही. त्याने बँकेकडून लेखी संमती आणावी. ऑप्शन न वापरता मुदत संपली तर त्याचं घर मोकळं करणारा कागद तुम्ही आत्ताच नोटरीपुढे सही करून एस्क्रोत, म्हणजे त्रयस्थाच्या ताब्यात, ठेवा, म्हणजे त्यालाही धीर येईल. शनिवारचे पैसे मात्र थांबवा.

*

थांबवले. सोमवारी वकिलाची वेळ मिळाली आहे. मालक आणि त्याची बायको दोघंही येताहेत.