हातात १२,२००, त्यातले निम्मे पाळणाघराला आणि रिक्षाला. नोकरी सोडावी का?

फुलेवाडीची
कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात मी अकाउंट्स बघते. टॅलीच्या नोंदी, जीएसटी, कामगारांची हजेरी, बँकेची कामं, सगळं माझ्याकडेच. सात वर्षं झाली. पगार १३,५००. पीएफचे १,२०० आणि ईएसआयचे, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याचे, शंभरेक कापून हातात १२,२०० पडतात.

मोठी दुसरीत आहे, धाकटा दोन वर्षांचा. धाकट्याचं पाळणाघर ३,५००, शाळा सुटल्यावर मोठीही तिथंच थांबते त्याचे १,५००, तिची रिक्षा आणि माझं केएमटी बसचं भाडं मिळून १,४००. उरतात ५,८००. मिस्टर गोकुळ शिरगावला कारखान्यात सीएनसी मशीनवर आहेत, त्यांना २४,००० मिळतात, पण शिफ्ट दर आठवड्याला बदलते. सासूबाई राधानगरीकडं गावी असतात. गुडघ्यांमुळं त्यांना आमचे दोन मजले चढवत नाहीत.

गेल्या महिन्यात धाकट्याला ताप आला, रजा बिनपगारी गेल्या. वर मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचं घरचं रोजचंच झालंय." ५,८०० रुपयांसाठी एवढ्याशा पोराला सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत दुसऱ्यांकडं ठेवायचं, हे मला पटेनासं झालंय. मिस्टर म्हणतात तू ठरव. आई म्हणते काही झालं तरी सोडू नको. तुम्ही काय केलं असतं?

बावड्याची लेक
सोडा ताई. मनात दुमत ठेवू नका. ५,८०० सुद्धा खरे उरत नसतील. उशीर झाला की बाहेरून आणलेलं जेवण, ऑफिसला घालायचे कपडे, दमल्यामुळं बाईला दिलेली भांडी, हे सगळं त्यातूनच जातं. मी मुलगा दीड वर्षाचा असताना नोकरी सोडली. चार वर्षं घरात ओढाताण झाली, दोन दिवाळ्यांना मी स्वतःसाठी साडी घेतली नाही. पण त्याचं पहिलं वाक्य मी ऐकलं, आजारपणात मी उशाशी होते. सात वर्षं काम करणाऱ्या बाईला सगळ्यांसमोर असं बोलणारा मालक उद्या काय वाढवून देणार आहे?

हिशेब आधी
मालकाचं बोलणं वाईटच. पण ताई, रोज दुसऱ्याचे हिशेब लिहिता आणि स्वतःचा मांडताना पाळणाघराचा सगळा खर्च तुमच्या एकटीच्या पगारातून वजा करता? पोरं दोघांची आहेत. घरात ३६,२०० येतात, त्यातले ५,००० पोरं सांभाळायला जातात, असं लिहा. मग प्रश्न होतो, ३६,२०० वरून २४,००० वर यायचं का? खर्च ६,४०० ने कमी होईल हे खरं, पण पाळणाघराचा खर्च दरवर्षी कमी होत जाणारा आहे आणि गेलेला पगार कायमचा.

दुसरी गोष्ट, जी कुणीच धरत नाही. ईएसआयची पगारमर्यादा २१,००० आहे. तुमच्या मिस्टरांना २४,००० मिळतात, म्हणजे ते त्यात बसत नसणार. घरातल्या चौघांचा ईएसआय तुमच्या या "कमी पगाराच्या" नोकरीमुळं आहे. नवरा आणि मुलं त्यात येतात. तुम्ही स्वतः आजारी पडलात तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. शिवाय मालक पीएफमध्ये आपल्या बाजूनं १,२०० भरतो, ते तुमच्या १२,२०० मध्ये दिसत नाहीत.

बावड्याची लेक
तापाला आपण गल्लीतल्या डॉक्टरकडंच जातो. मोठ्या आजाराला महात्मा फुले योजना आता सगळ्या रेशनकार्डांना आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत. तेवढ्यासाठी नोकरी धरून बसायचं?

हिशेब आधी
त्या योजनेत ठरावीक आजार आणि ठरावीक दवाखाने आहेत, तेही भरती व्हायला लागलं तर. रोजचं औषधपाणी त्यात नाही. ईएसआयमध्ये आहे. वापरायचं की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं, पण त्याची किंमत शून्य धरू नका.

नाईटवाला
मी पण शिफ्टमध्येच हाय ताई, म्हणून जरा वेगळं बोलतो. सगळी तुमच्या नोकरीवर बोलायलेत, दादांच्या शिफ्टवर कोणच बोलंना. सेकंडला असताना सकाळभर माणूस घरात असतो. त्या आठवड्यात धाकट्याला दुपारपर्यंत ते सांभाळू शकतात, मोठीला शाळेत सोडू शकतात. आमच्यात आम्ही हेच करतो. पण नाईटच्या आठवड्यात पोरगं बापाकडं ठेवू नका. रातभर मशीनवर उभारलेला माणूस दिवसा झोपला की उठत न्हाई, आणि दोन वर्षांचं पोरगं दार उघडून जिन्यात जातंय. हे आमच्या गल्लीत घडलंय. पोरगं वाचलं, पण घडलंय.

सुपरवायझरला सांगून फर्स्ट कायम करून घेता येतंय का बघा. नाईटचा भत्ता जाईल. तो जाऊ दे.

फुलेवाडीची
दादा, तुमचं बोलणं रात्री मिस्टरांना वाचून दाखवलं. नाईटचे महिन्याला हजारभर जातील म्हणाले, पण विचारतो म्हणाले. बाकी एक भीती आहे. माझी पीएफची सातच वर्षं झालीत. पेन्शनला दहा लागतात ना? आता सोडली तर सगळं वाया जाणार.

शाहूपुरी ऑफिस
वाया जात नाही. फक्त एक करू नका, सोडल्यावर फॉर्म १० सी भरून पेन्शनचे पैसे काढू नका. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या वर्षांचा दाखला, घ्या. पुढं कुठंही पीएफ असलेली नोकरी लागली की ही सात वर्षं त्यात धरली जातात. चार-पाच वर्षांनी परत लागलात तरी चालतं.

आणि पेन्शन किती, हेही बघा. सूत्र म्हणजे पगार गुणिले वर्षं भागिले ७०. तुमचे १,२०० कापतात, त्यावरून पीएफ १०,००० मूळ पगारावर कापला जातो असं दिसतं. दहा वर्षं धरली तर महिना १,४२८, तेही ५८ पूर्ण झाल्यावर. एवढ्यासाठी आज जीव जाळू नका.

पण परत येणं सोपं असतं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडं सीएच्या ऑफिसात मुली मुलाखतीला येतात, तीन-चार वर्षांचा खंड असतो. टॅली येतं म्हणतात, पण मधल्या काळात जीएसटीत झालेले बदल सांगता येत नाहीत. मग पगार पुन्हा नवख्या मुलीचा. सोडायची असेल तर पूर्ण सोडू नका. लक्ष्मीपुरीत, राजारामपुरीत असे कितीतरी दुकानदार आहेत ज्यांना आठवड्यातून दोनदा येऊन नोंदी करणारं माणूस हवं असतं. तीन-चार दुकानं धरली तर हात चालू राहतो. मात्र आधी दुकानं धरा, मग राजीनामा द्या. आणि "घरबसल्या डेटा एन्ट्री, आधी नोंदणीचे पैसे भरा" असं कुणी म्हटलं तर फोन ठेवून द्या.

जुनी मास्तरीण
धाकटा तीनचा झाला की शाळेत जाईल आणि प्रश्न सुटेल, असं सगळे म्हणतील. सुटत नाही. बालवाडी तीन तासांची, उन्हाळ्याची सुट्टी दीड महिन्याची. एक वर्ष कळ काढा म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं. मोठी खाजगी शाळेत असेल तर तिची फी लिहा, इथं ती कुणी विचारलीच नाही. जरगनगरच्या महापालिकेच्या शाळेत प्रवेशासाठी आईबाप रांगा लावतात, ते उगाच नाही.

फुलेवाडीची
खाजगीतच आहे बाई. महिना १,८००. ती शाळा बदलायला मी तयार नाही, तिथं ती रुळलीय.

गडहिंग्लजकर
पुरुष म्हणून बोलतो, राग मानू नका. घरात एकच पगार असला की नवऱ्यावर काय ओझं येतं हे कुणी बोलत नाही. माझी फौंड्री मंदीत असताना आठवड्याला तीन दिवस चालायची. बायको अंगणवाडीत होती, तिच्या मानधनावर आमची चूल पेटली. सीएनसीची कामंसुद्धा ऑर्डरवर असतात. ५,८०० थोडे वाटतात, पण त्या घरात ज्या महिन्यात दुसरं काही येत नाही, त्या महिन्यात तेच सगळं असतं.

बावड्याची लेक
दादा, ओझं तुम्हाला दिसतं, बाईचं का दिसत नाही? ती पाचला उठते, डबे करते, बस पकडते, नऊ तास राबते, परत येऊन स्वयंपाक करते, आणि पोराला ताप आला तर बोलणीही तीच खाते. ३६,२०० चा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण त्यात तिचा दिवस कुठंच लिहिलेला नाही. मंदी आलीच तर मंदीचं बघू. पोराची दोन-तीन वर्षं परत येत नाहीत.

हिशेब आधी
दिवस लिहिलेला नाही हे मान्य. पण मग तो दिवस हलका करण्याची जबाबदारी एकटीनं नोकरी सोडून का घ्यायची? घरातलं काम वाटा. शिफ्ट बदला. मालकाकडं वेळ मागा, नऊ ते चार. सात वर्षांचा माणूस त्यालाही सहज मिळत नाही, मार्च महिन्यात तर नाहीच. आणि पगारचिठ्ठी नीट बघा. किमान वेतनाचा विशेष भत्ता, म्हणजे महागाईप्रमाणे बदलणारा भाग, राज्यात जानेवारी आणि जुलैला बदलतो. सात वर्षांत तुमचा किती वेळा बदलला?

फुलेवाडीची
विशेष भत्ता असा वेगळा रकानाच नाहीये चिठ्ठीत. इतरांची हजेरी मीच भरते, पण हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

सोमवारी मालकांशी बोलते. दोन गोष्टी मागणार आहे: साडेनऊ ते साडेचार, आणि भत्त्याचं काय ते. नाही म्हणाले तर जूनपर्यंत तीन दुकानं शोधते आणि सोडते. मिस्टरांनी फर्स्ट शिफ्टसाठी अर्ज दिलाय. धाकट्याला यातलं काय कळत असेल ते असेल. मला मात्र त्याला रोज पाळणाघराच्या दारात रडताना सोडून जायचं नाही, एवढं नक्की आहे.

बावड्याची लेक
माझं मत तेच आहे, सोडा. फक्त सोडताना ग्रॅच्युइटी, म्हणजे केलेल्या वर्षांबद्दल मिळणारी एकरकमी रक्कम, मागितल्याशिवाय येऊ नका. सलग पाच वर्षं झाली की ती राजीनामा दिला तरी मिळते. मूळ पगार १०,००० गुणिले १५ दिवस गुणिले सात वर्षं, भागिले २६. साधारण ४०,४०० होतात. अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.